नव्या ट्रॅक्टरला काय काय हवे?

ट्रॅक्टर घरी येतो तो दिवस सणासारखा असतो. त्याला झेंडूचा हार घालतात, पेढे वाटतात. गल्लीतली मुले त्याच्या मोठ्या चाकाला हात लावून पाहतात. दुसऱ्या दिवशी घरात चर्चा सुरू होते, की आता याला काय काय घ्यायचे? भाईजानला गाण्यांसाठी मोठे स्पीकर हवे असतात. चाचांना रोटाव्हेटर हवा असतो. अब्बा मात्र गप्प असतात, कारण बँकेचा हप्ता त्यांना भरायचा असतो.

परदेशात मोठ्या शेतांवर जाड टायरांची एक छोटी गाडी फिरते. रस्ता नसेल तेथेही ती जाते. आपल्या वर्धा जिल्ह्यात आडवाटेचे हे काम ट्रॅक्टरच करतो. शेतात तोच, नाल्यातून तोच आणि बाजाराच्या रस्त्यावरही तोच. पण नुसता ट्रॅक्टर म्हणजे इंजिन आणि चार चाके. खरे काम त्याला जोडलेली अवजारे करतात. ('अवजार' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला असेल. उर्दूतला 'औजार' तो हाच.)

अवजार निवडताना दुकानाकडे नव्हे, आधी जमिनीकडे पाहावे. हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी या भागांत काळी, खोल जमीन आहे. पाऊस पडला की ती फुगते आणि चाकाला चिकटते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांच्या डोंगराळ भागात जमीन उथळ असते आणि दगडगोटे जास्त असतात. म्हणून एका गावात उपयोगी पडलेले अवजार दुसऱ्या गावात पडून राहू शकते. शेजाऱ्याने घेतले म्हणून आपणही घ्यायचे, हा हिशेब चुकीचा आहे.

काळ्या जमिनीत उन्हाळ्यात खोल नांगरणी करायची असेल तर पलटी नांगर लागतो. तो मातीचा खालचा थर वर आणतो. पण त्याला ओढायला ताकद लागते आणि डिझेलही बरेच जाते. दरवर्षी त्याची गरज पडतेच असे नाही. कल्टिव्हेटरचे तसे नाही. पूर्वी बैलांचा वखर जे काम करी, ते पुष्कळसे तो करतो. नऊ दात्यांचा कल्टिव्हेटर ३५ ते ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सहज ओढतो. एकच अवजार घेण्याइतके पैसे असतील, तर माझ्या मते पहिला मान कल्टिव्हेटरला द्यावा.

रोटाव्हेटरचे आकर्षण मोठे आहे. त्याची वाकडी पाती गरगर फिरतात आणि ढेकळांची भुकटी करतात. शेत गादीसारखे दिसते. पण दरवर्षी फक्त रोटाव्हेटरच फिरवला, तर वरची माती अति बारीक होते आणि पात्यांच्या खाली एक कठीण थर तयार होतो. त्या थरातून पाणी आणि मुळे सहज खाली जात नाहीत. दगडाळ जमिनीत तर पाती लवकर मोडतात. शिवाय ज्याची शेती पाचसात एकरच आहे, त्याच्याकडे हे यंत्र वर्षातले मोजके दिवस चालते आणि बाकीचे दिवस अंगणात गंजते. असे यंत्र भाड्याने आणणे परवडते. महाराष्ट्रात ठिकठिकाणी अवजारे बँका आहेत. या बँकेत पैसे नसतात, अवजारे असतात. भाडे भरून ती काही तासांसाठी नेता येतात.

सोयाबीन घेणाऱ्यांसाठी आणखी एक यंत्र पाहण्यासारखे आहे. त्याला रुंद वरंबा सरी यंत्र म्हणतात. ते रुंद गादीवाफ्यावर बी पेरते आणि दोन्ही बाजूंना सरी पाडते. जास्त पाऊस झाला तर पाणी सरीतून निघून जाते, आणि पावसाने ताण दिला तर सरीत मुरलेली ओल पिकाच्या उपयोगी पडते. काळ्या जमिनीला दोन्ही गोष्टी हव्या असतात. उलट, लोखंडी पिंजरा चाके आपल्याकडे घेऊ नयेत. ती भाताच्या चिखलासाठी असतात. भंडारा-गोंदियाकडे ती शोभतात. कापूस-तुरीच्या शेतात त्यांचे काम नाही.

आता थोडे यंत्राविषयी. अवजार ट्रॅक्टरच्या मागे तीन दांड्यांना जोडतात, दोन खाली आणि एक वर. ही जोडणी हॅरी फर्ग्युसन नावाच्या यंत्रज्ञाने विकसित केली. १९३९ पासून ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि पुढे जगभर पसरली. तिच्यामुळे अवजाराचे ओझे मागच्या चाकांवर येते आणि चाके घसरत नाहीत. पण अवजार फार जड असेल तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट वळत नाही. म्हणून पुढे लोखंडी वजने लावतात. ती शोभेची नव्हेत.

ट्रॅक्टरच्या मागे मधोमध एक फिरता दांडा असतो. त्याला सगळे पी.टी.ओ. म्हणतात. रोटाव्हेटर आणि मळणी यंत्र त्यावर चालतात. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. हा दांडा साधारण साडेतीन सेंटिमीटर जाडीचा असतो. गणित करून पाहा : त्याच्या एका फेऱ्यात सुमारे ११ सेंटिमीटर कापड गुंडाळले जाईल आणि एका सेकंदात जवळजवळ एक मीटर! ओढणीचे टोक, रुमाल किंवा सैल बाही त्यात अडकली, तर माणसाला हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. सोयाबीनच्या मळणीच्या वेळी यंत्राभोवती बायका आणि मुलेही असतात. या दांड्यावर प्लास्टिकचे आवरण येते. पुष्कळ ठिकाणी ते एकदा फुटले की कोणी पुन्हा बसवत नाही. स्पीकरची किंमत विचारण्याआधी या आवरणाची किंमत विचारावी. आणि मोठ्या आवाजात गाणी लागली असताना मागून कोणी "थांबा!" म्हणून ओरडले, तर चालकाला ते ऐकू कसे येणार?

ट्रॅक्टर उलटतो कसा, हेही समजून घ्यायला हवे. त्याचे वजन उंचावर असते. धुऱ्यावर किंवा नाल्याच्या काठावर एक चाक खाली गेले, की तो कलंडतो. फसलेली गाडी ओढताना साखळी उंचावर बांधली, तर पुढची चाके वर उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालकावर पडतो. साखळी नेहमी खालच्या ओढदांड्यालाच बांधावी. स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला चालकाच्या रक्षणासाठी मजबूत चौकट सक्तीची झाली, आणि उलटून होणारे मृत्यू तेथे पुष्कळ कमी झाले. अशी चौकट घेतली तर तिच्याबरोबर पट्टाही बांधावा लागतो. नाहीतर माणूस चौकटीच्या बाहेर फेकला जातो. आपल्याकडे पातळ नळ्यांवर जे रंगीत छत बसवतात, ते उन्हासाठी चांगले आहे. ट्रॅक्टरचे वजन ते पेलू शकत नाही. मडगार्डवर बसलेल्या मुलाला तर ना चौकट वाचवते ना छत.

ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात चटकन वळण्यासाठी ते उपयोगी पडतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पायट्या खिटीने एकत्र जोडायच्या असतात. ही खिटी नव्या ट्रॅक्टरबरोबर मिळते, तिला पैसे पडत नाहीत. ती विसरून वेगात एकच ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो.

राहिली ट्रॉली. वर्धा जिल्ह्यात तिचे काम सर्वांत जास्त, कारण कापूस बाजारात न्यायचा असतो. कापूस हलका असतो पण जागा फार घेतो. हिंगणघाटच्या बाजाराकडे निघालेल्या ट्रॉल्या तुम्ही पाहिल्या असतील. कापूस फळ्यांच्या बाहेर लोंबत असतो आणि मागचे दिवे त्यात झाकून जातात. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला समोर फक्त काळोख दिसतो. ट्रॉलीचा वेग कमी, त्याचा जास्त. त्याला ट्रॉली दिसते तेव्हा ती अगदी जवळ आलेली असते.

म्हणून ट्रॉलीचे लाल दिवे फळीवर न लावता खाली लोखंडी सांगाड्यावर, दोन्ही टोकांना लावावेत. त्यांच्या शेजारी प्रकाश परतवणारी लाल पट्टी चिकटवावी. तिला वीज लागत नाही. दिव्याची तार तुटली तरी ती चमकते. धूळ बसली की मात्र तिचा उपयोग संपतो, तेव्हा ओल्या फडक्याने ती पुसायला हवी. माल भरून झाला की निघण्यापूर्वी एकाने टॉर्च घेऊन वीस पावले मागे जावे आणि ट्रॉलीवर प्रकाश टाकून पाहावा. दोन्ही बाजूंना लाल चमकले नाही, तर लोंबणारा कापूस दोरीने आवळून पुन्हा पाहावे. हे काम घरातला शाळकरी मुलगा किंवा मुलगीसुद्धा करू शकते.