दर्शनी दगडाच्या ओतीव भिंती : साच्याचे तंत्र

सोमेश्वरनगरसारख्या नीरा डाव्या कालव्याच्या परिसरात विहीर खोदताना काळ्या दगडाचे डबर निघते. ते घडविणे मात्र वेळखाऊ व खर्चिक असते. असा अनघड दगड साच्याच्या साहाय्याने दर्शनी भिंतीत वापरता येतो. अमेरिकन वास्तुविशारद अर्नेस्ट फ्लॅग यांनी १९२२ च्या ग्रंथात या पद्धतीचा पुरस्कार केला.

दीड-दोन फूट उंचीच्या फळ्या समोरासमोर उभ्या करून तारेने आवळतात. दगडाची सपाट बाजू बाहेरील फळीला टेकवून मागे घट्टसर काँक्रीट ठासतात. काँक्रीट पातळ असल्यास सिमेंटचा रस दगडाच्या तोंडावर उतरतो आणि दर्शनीपणाच हरवतो. काँक्रीट आवळल्यावर साचा सोडवून वर चढवितात, तोंड तारेच्या ब्रशने घासतात व दर्जा भरतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतील व बाहेरील थर, पुरेशा बंधदगडांअभावी, अलग होऊन कोसळले. साच्यातील भिंतीत हा बंध काँक्रीट देते; सळयाही घालता येतात. परंतु काळा दगड पाणी फारसे शोषत नाही. त्यावर माती राहिल्यास बाहेरील थर केवळ टेकलेला राहतो. दगड धुण्याचे काम बिगाऱ्यावर सोडून देणे म्हणूनच धोक्याचे.

फळ्यांचा खर्च न परवडणाऱ्यांसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेचे दगड-काँक्रीटचे साच्यात ओतलेले ठोकळे (भारतीय मानक १२४४० : १९८८) अधिक सोयीचे ठरतात, एकाच लहान साच्यातून अनेक ठोकळे निघतात व दर्शनी बाजूस दगडाचा पोत राखता येतो.