खटका बंद, तरी इंजिन चालूच!

शर्यतीच्या मार्गावर एखादी मोटार घसरून संरक्षक भिंतीवर आदळते, तेव्हा तिच्याकडे सर्वांत आधी धाव घेतात ते मार्शल. आतील चालक शुद्धीवर आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नसते. पत्रा वाकलेला असतो, पेट्रोलचा वास येत असतो आणि इंजिन अजून धडधडत असते. अशा वेळी मार्शलची नजर समोरच्या काचेच्या खालच्या बाजूला एक खूण शोधते: पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण आणि त्यात लाल रंगाची वीज. या खुणेपाशी असलेली कडी ओढली की मोटारीचा सारा वीजपुरवठा तुटतो आणि इंजिन बंद पडते. निदान तशी अपेक्षा असते. ती पुरी होणार की नाही, हे मात्र अपघाताच्या कितीतरी आधी गॅरेजमध्येच ठरलेले असते.

चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि २०११ साली सुरू झालेले ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही भारतातील शर्यतींची प्रमुख ठिकाणे. तेथे उतरणाऱ्या अनेक मोटारी मुळात रस्त्यावरच्या साध्या मोटारीच असतात. त्यांच्यात लोखंडी नळ्यांचा पिंजरा, शर्यतीचे पट्टे आणि अग्निशामक बसवला जातो. याच यादीत ‘बॅटरी किल स्विच’, म्हणजे बॅटरीचा मुख्य खटका येतो. दिसायला ही वस्तू किरकोळ. त्यामुळेच ती बसवताना सर्वाधिक चुका होतात.

बारा व्होल्टचा धोका

बारा व्होल्टच्या बॅटरीचा माणसाला झटका बसत नाही. म्हणून ती निरुपद्रवी असल्याचा समज रूढ आहे. वास्तविक धोका विद्युतदाबाचा नसून प्रवाहाचा आहे. स्टार्टर फिरवताना हीच बॅटरी शंभर-दोनशे अँपिअर सहज पुरवते. अपघातात तिची जाड केबल चिरडली जाऊन सांगाड्याला टेकली, तर प्रवाह याच्या कितीतरी पट होतो. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या या केबलला बहुतेक मोटारींत फ्यूजही नसतो. केबल क्षणात तापून लाल होते, तिचे आवरण जळू लागते. शेजारी फुटलेली इंधनवाहिनी असेल आणि विजेवरचा पंप इंधन ढकलतच असेल, तर आग लागायला आणखी काही लागत नाही.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे ‘एफआयए’च्या, नियमांनुसार हा खटका बॅटरी, अल्टरनेटर, दिवे, भोंगा, प्रज्वलन अशी सर्व मंडले तोडणारा असावा लागतो. त्याने इंजिनही बंद पडले पाहिजे, तो ठिणगी न उडवणारा असला पाहिजे आणि आतून व बाहेरून, दोन्हीकडून चालवता आला पाहिजे. बाहेरच्या निळ्या त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंटिमीटर असावा, असेही बंधन आहे.

चूक कोठे होते?

बाजारात दोन टर्मिनलचा साधा खटका स्वस्तात मिळतो. ट्रक आणि बोटींसाठी तो वापरला जातो. हौशी मंडळी तोच आणून बॅटरीच्या मुख्य केबलमध्ये बसवतात. उभ्या मोटारीत खटका बंद करून पाहिले जाते, दिवे विझतात आणि काम झाल्याचे समाधान मिळते. परंतु इंजिन चालू ठेवून तोच खटका बंद केला, तर अनेकदा इंजिन तसेच चालत राहते.

याचे कारण अल्टरनेटर. इंजिन फिरत असते तोवर अल्टरनेटर सुमारे १४ व्होल्टचा पुरवठा करीत असतो. त्याची तार खटक्याच्या मोटारीकडील बाजूस जोडलेली असेल, तर बॅटरी अलग झाली तरी प्रज्वलन आणि इंधनपंप यांना वीज मिळतच राहते. मार्शलने कडी ओढलेली असते, पण पंप थांबलेला नसतो.

दुसरे संकट अल्टरनेटरवरच ओढवते. बॅटरी ही विद्युतदाबातील चढउतार सामावून घेणारी उशीच असते. अल्टरनेटर भरपूर प्रवाह देत असताना ती अचानक काढून घेतली, तर त्यातील चुंबकीय क्षेत्र तत्क्षणी ओसरत नाही. परिणामी काही क्षणांपुरता विद्युतदाब एकदम उसळतो. संरक्षण नसलेल्या यंत्रणेत तो कित्येक दहा व्होल्टांवर जातो. अल्टरनेटरचे डायोड आणि इंजिनचा संगणक, म्हणजे ‘ईसीयू’, जळण्याची भीती तेथे असते.

सहा टर्मिनलचे गणित

या दोन्ही अडचणींवरचा उपाय म्हणजे सहा टर्मिनलचा खटका. त्यातील दोन जाड टर्मिनल बॅटरीच्या मुख्य केबलसाठी असतात. उरलेल्या चारांच्या दोन जोड्या होतात. पहिली जोडी खटका चालू असतानाच जुळलेली असते. प्रज्वलनाचा किंवा ‘ईसीयू’चा पुरवठा तिच्यातून नेला, की खटका बंद होताच इंजिन बंद पडते. दुसरी जोडी नेमकी उलट, म्हणजे खटका बंद झाल्यावर जुळते. तिच्यातून अल्टरनेटरची बाजू एका रेझिस्टरमार्गे सांगाड्याला जोडली जाते. उसळणाऱ्या विद्युतदाबाला त्या वाटेने निचरा मिळतो. खटक्यासोबत बहुधा ३ ओहमचा रेझिस्टर येतो. निरुपयोगी समजून तो डब्यातच राहिला, तर ही सारी योजना फुकट जाते.

या दोन छोट्या जोड्यांची अदलाबदल ही नेहमीची चूक. त्यामुळे जोडणीपूर्वी मल्टिमीटर लावून कोणती जोडी केव्हा जुळते हे पाहणे आवश्यक ठरते. छोट्या टर्मिनलांची प्रवाह वाहण्याची क्षमताही मर्यादित असते. भार जास्त असल्यास मध्ये रिले घालावा लागतो.

जागा आणि केबल

खटका साधारणतः धन बाजूच्या केबलमध्ये बसवतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बॅटरीपासून खटक्यापर्यंतचा केबलचा तुकडा खटका बंद केल्यानंतरही जिवंतच राहतो. साहजिकच तो जितका आखूड तितका बरा. बॅटरी डिकीत असेल तर खटकाही तेथेच जवळ बसवून चालकापर्यंत आणि बाहेर ओढतार आणणे अधिक सुरक्षित. पत्र्यातून केबल जाते तेथे रबरी कडे हवेच. अन्यथा कंपनांमुळे आवरण घासून सुरक्षेची वस्तूच आगीचे कारण ठरते. काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टर्मिनल आधी सोडवावे व शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाही.

चालकाला पट्टे आवळलेल्या अवस्थेत खटक्यापर्यंत हात पोहोचवता आला पाहिजे. विजेवर चालणारा अग्निशामक मात्र या खटक्यावर अवलंबून असता कामा नये. त्याला स्वतंत्र वीजस्रोत लागतो. नाहीतर वीज तोडताच आग विझवण्याचे साधनही निकामी होईल.

अलीकडे इलेक्ट्रॉनिक खटकेही वापरात आहेत. त्यांचे मुख्य यंत्र बॅटरीशेजारी असते. आत आणि बाहेर केवळ बटणे असतात. बटण दाबताच आधी इंजिन थांबते आणि मग बॅटरी तुटते. विद्युत आणि हायब्रीड मोटारींचा प्रश्न निराळा आहे. त्यांतील शेकडो व्होल्टच्या यंत्रणेला केवळ बारा व्होल्टचा हा खटका पुरा पडत नाही.

खरी कसोटी

जोडणी योग्य झाली की नाही हे ठरवणारी चाचणी सोपी आहे. मोटार उभी ठेवून, गियर न टाकता इंजिन थोड्या चढ्या गतीवर न्यावे आणि खटका बंद करावा. इंजिन लगेच थांबले पाहिजे. हीच चाचणी बाहेरची कडी ओढूनही करावी, कारण ओढतार गंजून अडकलेली असते ती नेमकी तेथेच. स्टार्टर फिरताना खटक्याच्या दोन जाड टर्मिनलांमध्ये दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा अधिक घट दिसली, तर जोड सैल आहे किंवा खटका कमी क्षमतेचा आहे, असे समजावे. रेझिस्टर नसताना मात्र ही चाचणी करणे म्हणजे अल्टरनेटरला धोक्यात घालणे होय. रोजच्या वापरातील मोटारीत चोरीविरोधी उपाय म्हणून असा खटका धावताना हाताला लागेल अशा जागी बसवणेही घातक आहे. चालत्या गाडीत तो फिरला तर इंजिन बंद पडून स्टिअरिंग एकाएकी जड होते.

शर्यतीपूर्वीच्या तपासणीत अधिकारी खटका आहे की नाही हे पाहतात आणि तो चालवूनही बघतात. पण मधल्या काळात गॅरेजमध्ये एखादी तार बदललेली असू शकते. म्हणून प्रत्येक वेळी ट्रॅकवर उतरण्याआधी अर्ध्या मिनिटाची ही चाचणी चालकाने स्वतः करावी. ज्या दिवशी हा खटका खरोखर लागेल, त्या दिवशी तो फिरवणारा हात बहुधा त्याचा नसेल. तो असेल निळा त्रिकोण पाहून त्यावर विश्वास ठेवलेल्या, पेट्रोलच्या थारोळ्यात उभ्या असलेल्या एखाद्या मार्शलचा.