लांबलचक आज्ञेचं टोपणनाव

येरमाळ्याच्या येडेश्वरीला भक्त ‘येडाई’ म्हणतात. नाव आखूड, देवी तीच. युनिक्सच्या शेलमधलं, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करवून घेणाऱ्या प्रोग्रॅममधलं ‘एलियस’ असंच चालतं: लांब आज्ञेला आखूड नाव. बिल जॉय यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस बर्कलीत लिहिलेल्या सी शेलमध्ये ही सोय होती. बॅश या शेलमध्ये ‘एलियस’ लिहून जागा सोडायची, मग टोपणनाव, बरोबरचं चिन्ह आणि अवतरणचिन्हांत पूर्ण आज्ञा. चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडली की बिनसलंच! टर्मिनल बंद केलं की हे नाव पुसलं जातं. टिकवायचं तर ‘डॉट बॅशआरसी’ फाइलीत लिहावं. फाइल पुसणाऱ्या ‘आरएम’ या आज्ञेनं पुसण्याआधी विचारावं म्हणून अनेकजण त्याच नावाचं एलियस करतात. मला ते धोक्याचं वाटतं. त्यानं विचारण्याची आपल्याला सवय लागते आणि परक्या सर्व्हरवर तोच ‘आरएम’ काही न विचारता फाइल उडवून मोकळा होतो.