बर्गनचे वार्तापत्र : न विचारता केलेले उपचार

बर्गन (नॉर्वे)

वर्ध्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला येथील पाऊस सोसण्यास काही काळ जावा लागतो. तो चुकविण्यासाठी रेल्वे स्थानकाजवळच्या ज्या लाकडी वास्तूत मी शिरलो, ती पंधराव्या शतकापासून महारोग्यांना आश्रय देणाऱ्या सेंट यॉर्गन रुग्णालयाची निघाली. १७०२ च्या आगीनंतर नव्याने उभारलेल्या या वास्तूत मध्यभागी एक दालन आणि भोवती दोन मजल्यांवर खोल्यांच्या ओळी आहेत. खोल्या इतक्या अरुंद, की त्यांत दोन माणसे नांदत असत यावर विश्वास बसू नये. येथील अखेरचे दोन रुग्ण १९४६ साली निवर्तले. आता येथे संग्रहालय आहे.

आज सुबत्तेसाठी ओळखला जाणारा हा देश गेल्या शतकापूर्वी दरिद्री होता, आणि पश्चिम किनाऱ्यावरील कोळी व अल्पभूधारक शेतकरी यांच्यात या रोगाने ठाण मांडले होते. निराधार रोग्यास गावातील शेतकऱ्यांनी पाळीपाळीने पोसावे, अशी जुनी वहिवाट होती. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, तसाच हा प्रकार, फक्त येथे वाराबरोबर वस्तीही बदले. १८५६ च्या राजाज्ञेने रोगग्रस्त इलाख्यांत आरोग्य समित्या नेमल्या आणि प्रत्येक रोग्याचे नाव सरकारी दफ्तरात चढू लागले. एका रोगाची देशव्यापी नोंदवही ठेवण्याचा जगातील हा अगदी आरंभीचा प्रयत्न होय.

याच शहरात १८७३ साली डॉ. हॅन्सन यांनी महारोगाचा जंतू शोधला. परंतु तो जंतूच रोगाचे कारण, हे सिद्ध करण्याच्या ओढीने त्यांनी १८७९ मध्ये एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, रोगद्रव्य टोचले. खटला उभा राहिला. संमती घेतली नव्हती हे त्यांनी कबूल केले, आणि १८८० मध्ये रुग्णालयातील वैद्याचे पद गमावले. देशाच्या महारोग खात्याचे प्रमुखपद मात्र कायम राहिले. नामवंत शास्त्रज्ञाविरुद्ध एका निर्धन स्त्रीची बाजू न्यायासनाने मान्य करावी, यात या देशाची प्रकृती दिसते. आणि पुढे १८८५ च्या कायद्याने, घरी वेगळी खोली ठेवणे शक्य नसलेल्या रोग्यास रुग्णालयात धाडण्याचा अधिकार समित्यांस मिळाला, यातही तीच प्रकृती दिसते, कारण येथे दयेलाही कलमे लागतात.

या खोल्यांतून हिंडताना मन वारंवार वर्ध्याकडे जात होते. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम मांडले. १९३९ साली सेवाग्राम आश्रमात आलेल्या कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी स्वहस्ते केली. आणि १९५१ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री रूढ केली. त्या त्रिसूत्रीत शिक्षणाचे स्थान मधले आहे, आणि ते मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण पाहणीत सापडलेला माणूस समजावणीवाचून औषधापर्यंत पोचत नाही, तो लाजेने घरातच दडतो. या रोगावर डॅप्सोनच्या गोळ्या आल्यावर रोग्यास गावातून उचलण्याचे प्रयोजन उरले नव्हते. उरले होते ते गावाची समजूत पालटण्याचे काम, आणि त्यासाठी कार्यकर्त्याला ओसरीवर जाऊन बसावे लागे.

तेथील तपासणीची रीत येथील संग्रहालयात कोठेच मांडलेली नाही. कार्यकर्ता अंगावरचा फिकट चट्टा पाहतो, डोळे मिटायला सांगतो, आणि कापसाची बारीक वात कातडीला टेकवून म्हणतो, “कुठं लागलं ते बोटानं दाखवा.” बोट निरोगी कातडीवर नेमके जाते; चट्ट्यावर वात टेकली, की ते हवेत घुटमळते. तो क्षण रोगनिदानाचा असतो. आणि ते निदान, रोग्याला विचारल्यावाचून, कोणत्याही पंडिताला करता येत नाही.