विश्लेषण : इतिहास फक्त पैशाने घडतो? मार्क्सच्या सिद्धांताला आंबेडकरांचे उत्तर काय होते?

भोईवाडा. भोई म्हणजे पालखी वाहणारे, मासे धरणारे. धंदा आणि जात एकाच शब्दात. या वस्तीभोवती कापड गिरण्या उभ्या राहिल्या आणि ‘इतिहास कोण घडवतो’ हा युरोपातला वाद परळच्या चाळींपर्यंत येऊन पोहोचला. इथल्याच बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून सुमारे दोन दशके राहत होते.

मार्क्सचे म्हणणे काय?

उत्पादनाची साधने कोणाच्या हातात आहेत आणि माणसे कोणत्या संबंधांत राबतात, हा समाजाचा पाया. कायदा, धर्म, राजकारण हा त्यावरचा इमला. पाया बदलला की इमलाही बदलतो. १८५९ मध्ये मार्क्सने एका प्रस्तावनेत मांडलेला हा विचार म्हणजे ऐतिहासिक भौतिकवाद. गिरणीला तो लावला तर एकाच भोंग्यावर आत जाणारे कामगार हळूहळू एक वर्ग होणार.

गिरणीत काय दिसले?

विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत ओढून घेताना ते तोंडाने चोखावे लागे. बाटण्याच्या भीतीने सवर्ण विणकर त्यांना शेजारी उभे करत नसत. ही अडवणूक मालकाची नव्हती, सोबतच्या कामगारांची होती. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर यांच्या नेतृत्वाखालील १९२८ च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. मागण्यांच्या यादीत तो आला, तो नाइलाजानेच.

मग उत्तर काय दिले?

१९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी समाजवाद्यांना थेट विचारले : मालमत्ता हीच एकमेव सत्ता असेल, तर या देशात लखपती माणूस कफल्लक साधूपुढे का वाकतो? धर्म आणि सामाजिक प्रतिष्ठा याही सत्ताच आहेत, हा त्यांचा मुद्दा. क्रांतीनंतर आपल्याला समान वागणूक मिळेल याची खात्री नसेल तर कामगार एकत्र येतीलच कसे, हा त्याहून अवघड प्रश्न. डाव्या चळवळीला तो पुढेही टाळता आला नाही.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्या. रानडे यांच्यावरील व्याख्यानात ते आणखी पुढे गेले. ईश्वरी योजना, भूगोल, अर्थकारण या इतिहासाच्या तिन्ही स्पष्टीकरणांत माणूसच गायब आहे, असा त्यांचा आक्षेप होता. काळ संकट आणतो, कदाचित वाटाही सुचवतो. पण योग्य वाट माणसालाच निवडावी लागते.

मार्क्सवाद्यांकडे उत्तर नव्हते?

होते. अर्थकारण हा एकमेव घटक असल्याचे आम्ही म्हटलेच नाही, असे एंगल्सने १८९० मध्येच एका पत्रात लिहिले होते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी जातीकडे उत्पादनाच्या प्राथमिक पातळीवरचा वर्ग म्हणून पाहिले. कॉ. शरद पाटील यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढून वर्गलढ्याला जातिअंताची जोड दिली. यातले पाटलांचे उत्तर आंबेडकरांच्या प्रश्नाला जास्त भिडते. कोसंबींच्या मांडणीतून धोट्याचा विटाळ पुरता उलगडत नाही.

आंबेडकर मार्क्सविरोधी होते का?

इतके सरळ नाही. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. तो आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांना सोबत घेऊन केला होता. त्या दिवशी परळच्या कामगार मैदानावर सभा झाली. ज्यांना दोन वर्षांपूर्वी त्यांनी ग्रंथातून धारेवर धरले होते, तेच या लढ्यात त्यांच्या बरोबर होते.