पाय स्वस्थ बसेनात, तर गोळी केव्हा?

अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत काहीतरी सरपटते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार पावले टाकली की बरे वाटते. ही रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमची (पाय हलवण्याची अनावर ओढ लावणारा मज्जासंस्थेचा विकार) खूण.

अनेकजण त्रास सुरू झाल्यावर गोळी घेतात. पाहुणे पानावर बसल्यावर कुकर लावावा, तसे हे होते. प्रामिपेक्सोल ही या विकारावरची गोळी झोपण्यापूर्वी २-३ तास घ्यायची असते, कारण तिचा अंमल चढायला वेळ लागतो.

गुण येईना म्हणून स्वतःच डोस वाढवणे अधिक धोक्याचे. प्रामिपेक्सोलसारख्या औषधांनी पुढे ऑगमेंटेशन (औषधामुळेच त्रास बळावणे) होऊ शकते: रात्रीची वळवळ दुपारीच सुरू होते, कधी हातांतही पसरते. त्यामुळे आता बहुधा गाबापेन्टिन किंवा प्रेगाबालिन या औषधांचा विचार आधी होतो.

खर्चाचे काय? आधी फेरिटिन (शरीरातील लोहसाठ्याचे माप) तपासून घ्यावे. ते ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असल्यास डॉक्टर लोह सुचवतात, आणि लोहाच्या गोळ्या स्वस्त असतात. प्रेगाबालिन जनऔषधी केंद्रात जेनेरिक स्वरूपात कमी दरात मिळते.

पैसे वाचवण्यासाठी गोळी अचानक बंद मात्र करू नये. परवडत नसेल तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.