सुझान नावाचा नवरा

विराटाच्या घरी अर्जुनाने बृहन्नडा होऊन काढले ते एक वर्ष. पॅरिसमधील पॉल ग्राप नावाच्या शिपायाने सुझान होऊन काढली ती जवळजवळ दहा वर्षे, आणि तीही लग्नाच्या बायकोबरोबर एकाच बिऱ्हाडात. अर्जुनाला निदान मुदत ठाऊक होती, आणि ती सरली की शमीच्या झाडावरून शस्त्रे उतरवून घ्यायची एवढेच उरले होते. पॉलच्या अज्ञातवासाला मुदत नव्हती. वेषांतराच्या हकिकती जमवण्याचा मला जुना नाद आहे, आणि त्या नादापायी राजदरबारातले हेर, बंडखोर, नट अशा नाना तऱ्हेच्या बहुरूप्यांची चरित्रे मी चाळली आहेत; परंतु सारे गुपित एका संसारात कोंडलेले आहे आणि ते सांभाळण्याचा निम्मा भार बायकोच्या शिरावर आहे, अशी हकिकत मला ही एकच भेटली.

पूर्वपीठिका थोडक्यात आटोपतो. पॉलचा जन्म १८९१ चा. मॅन्डोलिनच्या वर्गात त्याची लुईझ लांदीशी ओळख झाली, १९११ मध्ये लग्न झाले, तो लष्करी सेवेत गेला, १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि तो जखमी झाला. पुढे त्याच्या हाताची तर्जनी गेली, तेव्हा ती त्याने आपल्याच हाताने उडवली असा वहीम वरिष्ठांना आला. चौकशीत तो सुटला, पण पुन्हा आघाडीवर जाण्याचा हुकूम येताच १९१५ मध्ये फरारी झाला. महायुद्धाची कारणमीमांसा वाचकांना अन्यत्र विपुल मिळेल.

आता खरी गोष्ट. फरारी शिपायाला दिवसाउजेडी रस्त्यावर पाऊल टाकण्याची सोय नव्हती. धडधाकट तरुण पुरुष मुलकी पोशाखात दिसला की कोणीही त्याला कागदपत्रे विचारावीत, असे ते दिवस होते. पुरुषाला जेथे प्रत्येक वळणावर जाब द्यावा लागत होता, तेथे स्त्रीकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते. तेव्हा पॉलने लुईझचे कपडे अंगावर चढवले, सुझान लांदगार हे नाव घेतले, आणि दोन मैत्रिणी बिऱ्हाड करून राहतात असे शेजाऱ्यांनी मानले. नुसता झगा चढवून हे साधत नाही, हे नाटकमंडळींना सांगावयास नको. दाढीमिशांचा बंदोबस्त त्याने विजेच्या उपचाराने केसांची मुळे जाळून करवून घेतला. शिवणकामासारखी बायकी कामे पत्करली. पुढे काळही त्याच्या मदतीला धावला. युद्धानंतर पॅरिसच्या स्त्रियांनी केस मानेपर्यंत कातरले, कंबर व उरोभाग लपवणारे सरळ सैल झगे पसंत केले आणि वीक्तॉर मार्गरीत याच्या अशाच कातरकेशा नायिकेच्या १९२२ मधील कादंबरीने एवढा गहजब केला की लेखकाचा सरकारी किताब काढून घेण्यात आला. स्त्रिया पुरुषी दिसू लागलेल्या त्या शहरात किंचित पुरुषी दिसणारी एक स्त्री सहज खपून गेली. आपल्याकडे त्याच सुमारास बालगंधर्वांच्या लुगड्याची आणि अंबाड्याची नक्कल कुलीन घरांतून होत होती. पण तेथे पदराआड नारायणराव आहेत हे सारे प्रेक्षागृह जाणून होते, आणि म्हणूनच जाणकारांना मान डोलावता येत होती. पॉलच्या कौशल्याला दाद देऊ शकेल असा प्रेक्षक एकच, आणि तो म्हणजे त्याची बायको.

येथे थोडे विषयांतर केल्यावाचून मला राहवत नाही. स्त्रीने पुरुषाचा पोशाख करावयाचा तर पोलिसांचा परवाना हवा, असे फर्मान पॅरिसच्या पोलीस कचेरीने १८०० मध्ये काढले होते. प्राणिचित्रांसाठी गाजलेल्या रोझा बोनर हिने गुरांच्या बाजारात फिरता यावे म्हणून असा परवाना घेतला होता, आणि हे फर्मान गैरलागू असल्याचे सरकारने २०१३ मध्ये सांगेपर्यंत ते कागदोपत्री जिवंत होते. पुरुषाने झगा घालण्याबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही! आणि तत्पूर्वीची शव्हालिए द'एओं यांची कथा तर याहून मासलेवाईक. हा फ्रेंच मुत्सद्दी व हेर स्त्री की पुरुष यावर लंडनमध्ये पैजा लागल्या, १७७७ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्डच्या न्यायालयात तसा कज्जा उभा राहिला व तो स्त्रीच असल्याचे धरून निकाल लागला; त्याच वर्षी सोळाव्या लुईने त्याला स्त्रीवेषातच राहण्याची आज्ञा केली. १८१० मध्ये तो वारला आणि प्रेताची तपासणी झाली, तेव्हा तो पुरुष होता हे पाहून, कित्येक वर्षे त्याच्यासोबत एका घरात राहिलेली वृद्ध विधवा थक्क झाली. लुईझच्या वाट्याला असले अज्ञान आले नव्हते; आले असते तर तिचे दिवस कदाचित सुखात गेले असते.

कारण प्राण वाचवण्यासाठी अंगावर चढवलेला वेष हळूहळू अंगात मुरला. सुझान रात्री बुआ द बुलोन्यच्या विस्तीर्ण उद्यानात जाऊ लागली, तेथे स्त्रीपुरुषांच्या नाना जातींच्या प्रणयात रमू लागली, आणि लुईझलाही त्यात ओढू लागली; हवाई छत्रीने विमानातून उडी घेण्यापर्यंत तिच्या धाडसाची मजल गेली. ज्याला जगापासून लपावयाचे, त्याने आभाळातून खाली उतरावे, यातच मला त्या मनाची गुरुकिल्ली दिसते. भय केव्हाच ओसरले होते, आणि आवड उरली होती.

पूर्व पॅरिसमधील बान्योले रस्त्यावर, जेथे हे जोडपे राहत असे, मी मुद्दाम हिंडून आलो आहे. पेर लाशेजच्या प्रख्यात स्मशानाच्या जवळून निघणारा हा कामगार वस्तीचा रस्ता शारोन या जुन्या खेड्याच्या देवळापाशी येतो, आणि त्या देवळाला लागूनच अजून गावची दफनभूमी आहे. ग्रापांची आठवण सांगणारी पाटी मला कोठे दिसली नाही; कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारले तर त्याने मला भाड्याने खोली हवी आहे असे समजून दोन पत्ते दिले.

जानेवारी १९२५ मध्ये फरारी शिपायांना सार्वत्रिक माफी मिळाली. पॉलने पुरुषाचे कपडे घातले, आणि इतकी वर्षे शेजारी राहणारी सुझान पुरुष होती हे कळल्यावर वर्तमानपत्रे त्याच्या दाराशी आली. माझे मत असे की या प्रेमाची खरी कसोटी येथून सुरू झाली. गुपित होते तोवर दोघे एका कटातले भागीदार होते, परस्परांवाचून दोघांचेही चालत नव्हते. माफीने पॉलला रस्ता मोकळा केला, पण त्याच्या जगण्याचे कारणच हिरावून घेतले. मुलगा झाला, पण संसार सावरला नाही; दारू, मारझोड आणि सुझानचा ध्यास ही त्या घरात मुक्कामाला आली. जुलै १९२८ मधील एका रात्री तो झिंगून आला, आणि लुईझच्या जबानीप्रमाणे मुलाच्या जिवावर उठला, तेव्हा तिने त्याच्यावर गोळ्या झाडल्या.

खटला उभा राहण्याआधीच ते मूलही दगावले. लुईझचे वकीलपत्र मोरिस गार्सों या नामांकित वकिलाने घेतले होते. जानेवारी १९२९ मध्ये ज्यूरीने तिला निर्दोष सोडले. गार्सोंच्या दप्तरात पॉलची रोजनिशी आणि सुझानची छायाचित्रे राहिली, व त्यांवरून फाब्रीस व्हिर्जिली आणि दानिएल व्होल्दमान या इतिहासकारांनी २०११ मध्ये ग्रंथ लिहिला. पुढे क्लोए क्रुशुदे हिची चित्रकथा निघाली, २०१७ मध्ये आंद्रे तेशिने याचा चित्रपट आला. चित्रपट देखणा आहे, पण मला चित्रकथाच अधिक खरी वाटते, कारण तीत लुईझच्या कपाळावरच्या आठ्या दिसतात. पॉलने आपल्याविषयी पाने भरभरून लिहिली. लुईझचे म्हणणे आपल्यापर्यंत येते ते बहुतांशी पोलिसांच्या आणि न्यायाधीशांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांतून, म्हणजे दुसऱ्याने विचारले तेवढेच.